योजनाचा कार्पेट एरिया

विमानाचं नाव काढल्यावर ज्याला आधी जुहू आठवतं, तो गिरगावकर नव्हे. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, हे गिरगावकराला मान्य आहे. पण त्याच्या लेखी ते टपालखात्याचं काम. खरं विमान उडालं १८९५ साली, आपल्या चौपाटीवरून, आणि उडवलं चिराबाजारातल्या शिवकर बापूजी तळपद्यांनी. म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी. नाव मरुत्सखा. वर गेलं पंधराशे फूट. बघायला न्यायमूर्ती रानडे होते आणि बडोद्याचे सयाजीरावही होते. मी शाळेत असताना गोष्ट एवढीच होती. आता तिच्यात पाऱ्यावर चालणारं इंजिन आलंय, इंग्रजांचं कारस्थान आलंय, २०१५ साली तिच्यावर हिंदी सिनेमाही येऊन गेला. हे सगळं 'केसरी'त छापून आलं होतं असं सांगणारे मला पुष्कळ भेटले. अंक पुढे ठेवणारा अजून भेटायचाय.

आमच्या वाडीतले दुसऱ्या मजल्यावरचे काका या पक्षाचे. काका बँकेतून निवृत्त झाले. नोकरीत असताना कुणाच्याही व्हाउचरवर सही नसेल तर पैसे सोडले नाहीत, असा त्यांचा लौकिक. पण मरुत्सखा त्यांनी बिनव्हाउचरचा पास केलेला आहे. "अरे, वेदात सगळं आहे," काका गॅलरीच्या कठड्यावर टॉवेल वाळत टाकता टाकता म्हणतात. "तळपद्यांनी ते फक्त वाचलं."

हे 'फक्त वाचलं' मला फार टोचतं. तळपदे खरेखुरे होऊन गेले. संस्कृतचा अभ्यास, यंत्रांचा नाद, आणि गिरगावात स्वामी दयानंदांच्या आर्य समाजाचं वारं. अशा माणसाने स्वतःच्या डोक्याने आणि स्वतःच्या खर्चाने काही खटपट केली असेल, तर ती उडाली नाही तरी तिचं कौतुक करायला हवं. पण नाही. आपण त्यांना भरद्वाज ऋषींच्या ऑफिसातला नक्कल-कारकून करून ठेवलं. मूळ अर्ज ऋषींचा, यांनी कार्बन कॉपी काढली!

आता ते भरद्वाजांचं 'वैमानिक शास्त्र'. कर्नाटकातल्या अनेकलचे पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात ते तोंडी सांगितलं आणि कुणी तरी उतरून घेतलं. त्यातल्या विमानांच्या आकृत्या काढल्या बंगळूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या ड्राफ्ट्समनने. १९७४ साली तिथल्याच भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी हा ग्रंथ गंभीरपणे तपासला. भाषा अर्वाचीन, ग्रंथ १९०४ च्या मागे नेता येत नाही, आणि विमानं अशी की ती न उडण्यातच वैमानिकाचं हित आहे, असा एकंदर निकाल. शास्त्रीबुवांच्या मार्गदर्शनाखाली तळपद्यांनी काही नमुने करून पाहिले आणि त्यांतला एकही उडाला नाही, हेही त्या पाच जणांनी नोंदवलंय. ग्रंथात वैमानिकाने कोणत्या ऋतूत काय खावं आणि काय ल्यावं तेही दिलंय. हा भाग मला पटतो. उडण्याची खात्री नसेल तेव्हा माणसाने निदान जेवून घ्यावं.

एवढं होऊनही ४ जानेवारी २०१५ ला मुंबई विद्यापीठात, भारतीय विज्ञान काँग्रेसच्या १०२ व्या अधिवेशनात, या विमानांवर रीतसर निबंध वाचला गेला. ती विमानं म्हणे पुढे जायची, मागे जायची, आडवी जायची, एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जायची. काकांनी त्या दिवशी वाडीत पेढे वाटले नाहीत, पण वर्तमानपत्र मात्र प्रत्येक बिऱ्हाडात स्वतः नेऊन दिलं.

या सगळ्याचं मूळ आमच्या वाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. स्वामी दयानंदांनी १८७५ च्या एप्रिलमध्ये आर्य समाज स्थापन केला तो गिरगावात. काकडवाडीत समाजाची वास्तू आजही आहे. दयानंद मोठा माणूस. मूर्तिपूजेवर आणि जन्मजात उच्चनीचतेवर त्यांनी केलेले प्रहार आज कुणी भर चौकात केले तर संध्याकाळपर्यंत पोलीस बंदोबस्त लागेल. पण वेद म्हणजे सर्व सत्य विद्यांचं पुस्तक, अशी त्यांची धारणा होती. मग 'ऋग्वेदादिभाष्यभूमिका' लिहिताना त्यांनी एक प्रकरण नौका-विमानांवर लिहिलं आणि एक तारायंत्राच्या विद्येवर. तारायंत्र! हिंदुस्थानात तारा खडखडायला लागून वीसेक वर्षं झाली होती, तेव्हा ती वेदात सापडली. रेडिओ सापडला नाही, कारण मार्कोनी अजून शाळेत जायच्याही वयाचा नव्हता. पोथीतलं विज्ञान हे असं फार शिस्तीचं असतं. शोध लागेपर्यंत ते पानातून डोकं वर काढत नाही.

आणि तिथून दहा मिनिटांवर प्रार्थना समाज. १८६७ चा, म्हणजे आठ वर्षांनी वडील. डॉ. आत्माराम पांडुरंग, मागून रानडे, भांडारकर. ही मंडळीही देव मानणारी, रविवारी उपासना करणारी, तुकोबांचे अभंग म्हणणारी. पण कोणताही ग्रंथ अक्षरशः ईश्वराने सांगितलेला आणि म्हणून अचूक आहे, हे मात्र त्यांना मान्य नव्हतं. देव आहे, पण त्याने पुस्तक छापलेलं नाही, असा काहीसा पवित्रा. गंमत बघा, ज्या रानड्यांच्या समाजाने ग्रंथाला अचूकतेचा शिक्का द्यायचं नाकारलं, त्याच रानड्यांना आपण चौपाटीवर वेदोक्त विमानाचे साक्षीदार म्हणून उभं केलं. हा वाद एका पेठेत दीडशे वर्षांपूर्वी मांडून झाला होता. आज प्रार्थना समाज हे बहुतेकांना बसच्या थांब्याचं नाव वाटतं, आणि वाद पुन्हा पहिल्यापासून मोबाइलवर चालू आहे.

काकांचा मोबाइल पहाटे साडेपाचला उठतो. त्यांचा सगळ्यात लाडका फॉरवर्ड म्हणजे सूर्याचं अंतर. हनुमान चालिसात सूर्य किती लांब आहे ते सांगितलंय म्हणे. युग म्हणजे १२,००० वर्षं, म्हणून घ्या १२,०००. त्याला सहस्राने गुणा. त्याला योजनाने गुणा. योजन म्हणजे ८ मैल. झाले ९ कोटी ६० लाख मैल, म्हणजे सुमारे १५ कोटी ४५ लाख किलोमीटर. नासाचा आकडा सरासरी १४ कोटी ९६ लाख. "बघ!" काका म्हणाले. "तुलसीदासांकडे दुर्बीण होती का? मग कोणी सांगितलं? आता तरी मानशील का देव?"

वर्षांना मैलांनी गुणून अंतर कसं निघतं, असं मी विचारणार होतो. नाही विचारलं. त्याच चौपाईत मारुतीने सूर्याला गोड फळ समजून गिळल्याचं आहे. मग अंतर हे विज्ञान आणि गिळणं हे रूपक, ही वाटणी कोणी केली, हेही नाही विचारलं. मी फक्त योजनाचं विचारलं. "काका, योजन नक्की किती?"

"आठ मैल. सांगितलं ना."

"मग परवा प्रकाशाच्या वेगाचा पाठवला होतात, त्यात किती होतं?"

तो फॉरवर्डही नामांकित आहे. चौदाव्या शतकात विजयनगरच्या सायणाचार्यांनी ऋग्वेदाच्या भाष्यात सूर्याबद्दल लिहिलंय की तो अर्ध्या निमिषात २,२०२ योजनं जातो. निमिष म्हणजे एका सेकंदाचे पंचाहत्तरातले सोळा भाग धरा, योजन म्हणजे नऊ मैलांहून किंचित जास्त धरा, की सेकंदाला एक लाख ८६ हजार मैलांच्या आसपास येतं. झाला प्रकाशाचा वेग. तोच हिशेब चालिसातल्या आठ मैलांच्या योजनाने करा. आकडा १ लाख ६५ हजारांवर कोसळतो. आणि सायणांचं नऊ मैलांचं योजन चालिसात घातलं तर सूर्य सुमारे दोन कोटी किलोमीटर मागे सरकतो, पृथ्वीवर पुरेसं ऊनही पडायचं नाही.

हे योजन मला ओळखीचं वाटत होतं. मग लक्षात आलं, हा तर बिल्डरचा स्क्वेअर फूट! कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप. विकताना एक, ताबा देताना दुसरा, आणि मेंटेनन्स लावताना तिसरा. उत्तर आधी ठरलेलं असलं की माप त्याप्रमाणे ताणता येतं.

गंमत म्हणजे ज्यांनी खरोखर आकाश मोजलं त्यांचं योजन असं लवचीक नव्हतं. 'सूर्यसिद्धांता'त पृथ्वीचा व्यास १,६०० योजनं दिलाय, म्हणजे योजन आठ किलोमीटरच्या जवळपास. पाच मैल, आठ नव्हेत. चंद्राची कक्षा ३ लाख २४ हजार योजनं. त्यावरून चंद्राचं अंतर काढा, चार लाख दहा हजार किलोमीटर येतं. खरं आहे ३ लाख ८४ हजार. काय मोजलंय! टोपी काढावी असं काम आहे. सूर्याची कक्षा ४३ लाख ३१ हजार ५०० योजनं, म्हणजे सूर्याचं अंतर सुमारे ५५ लाख किलोमीटर. हे मात्र सत्तावीसपट कमी. का चुकलं? कारण सगळे ग्रह रोज सारखंच अंतर चालतात असं त्यांनी गृहीत धरलं होतं. चंद्र एका प्रदक्षिणेला जेवढे दिवस घेतो त्याच्या तेरापट सूर्य घेतो, म्हणून त्याची वाट तेरापट लांब. हिशेब चोख, गृहीतक चुकीचं. माणसं अशीच चुकतात. विचार करून.

म्हणजे ज्यांनी रात्र-रात्र जागून गणित केलं त्यांचा सूर्य चुकला, आणि ज्यांना भक्ती करायची होती त्यांचा बरोबर आला! काकांना यात चमत्कार दिसला. मला आर्यभटाची दया आली. ४९९ साली या माणसाने पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं सांगितलं, नावेतून जाणाऱ्याला काठावरची झाडं मागे जाताना दिसतात तसे तारे दिसतात असं समजावलं, आणि त्याबद्दल पुढच्या पिढ्यांत ब्रह्मगुप्तासारख्यांच्या शिव्या खाल्ल्या. त्याचा एक तरी फॉरवर्ड काकांनी पाठवलाय? नाही. आर्यभटाला कुणी कानात सांगितलं नव्हतं ना, त्याने स्वतः शोधलं. मग त्यात देवाचं काय राहिलं?

शल्यक्रियेचंही तेच. २५ ऑक्टोबर २०१४ ला आमच्याच गिरगावात, सर एच. एन. रुग्णालयाच्या उद्घाटनाला आलेल्या पंतप्रधानांनी गणपतीच्या हत्तीमुखाचा दाखला दिला. त्या काळी कुणी प्लास्टिक सर्जन असला पाहिजे, असं ते म्हणाले. वाडीत तेव्हापासून तो विषय मिटलेला आहे. पण मला आठवतो तो कावसजी. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा हा मराठा टिपूच्या हाती लागला आणि नाक गमावून बसला. वर्षभराने पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवून दिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये हा वृत्तांत चित्रासकट छापून आला, आणि त्यावरून तिथले सर्जन शिकले. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची रीत आहेच. म्हणजे पुराव्यासकट, तारखेसकट, जगाने शिकावी अशी गोष्ट आपल्या पुण्यात होती. पण तिच्यात हत्ती नाही. वीटभट्टीवरच्या माणसाचं कौतुक फॉरवर्ड करायला आपलं बोट वळत नाही.

दादरला काकांचा नातू वैदिक गणिताच्या क्लासला जातो. क्लासबद्दल माझ्या मनात द्वेष नाही. पोराचे गुणाकार झटपट होतात. पण पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचं ते पुस्तक, त्यांच्या निधनानंतर १९६५ साली छापलेलं, आपली सोळा सूत्रं अथर्ववेदाच्या परिशिष्टातली असल्याचं सांगतं. १९५० च्या सुमारास लखनौचे गणिताचे अभ्यासक कृपाशंकर शुक्ल छापील परिशिष्टं घेऊन त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, दाखवा कुठे आहेत. स्वामीजी म्हणाले, त्या परिशिष्टात नाहीत, माझ्या परिशिष्टात आहेत. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले गणिती श्री. गो. दाणी यांनी पुढे या सगळ्या प्रकाराचा सविस्तर समाचार घेतला. मी तो किस्सा काकांना सांगितला, तर काका समाधानाने म्हणाले, "बघ, स्वामी खोटं बोलले नाहीत."

या व्यवसायात आपण एकटेच आहोत असा काकांचा गोड गैरसमज आहे. मॉरिस ब्युकाय नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९७६ मध्ये कुराण आणि विज्ञान कसं जुळतं यावर पुस्तक लिहिलं, ते जगभर खपलं. बायबलातल्या सहा दिवसांना सहा भूगर्भयुगं करून देणारेही आहेत. म्हणजे आमच्या नाक्यावरून डोंगरीकडे वळा, पोर्तुगीज चर्चकडे वळा, नाहीतर काकडवाडीत शिरा, तिन्हीकडे महास्फोट आपापल्या पानावर सापडतो. पुरावा जर एवढा पक्का असेल तर काकांनी तिन्ही देव मानायला हवेत. मी तसं सुचवलं. काका म्हणाले, "त्यांनी ओढूनताणून अर्थ लावलेत रे."

खरं सांगायचं तर पोथीची परीक्षा एकदा इथे झाली होती. १८९६ मध्ये मांडवीला प्लेग आला. माणसं पटापट मरत होती, शहर रिकामं होत होतं. दोनच वर्षांपूर्वी येर्सिनने हाँगकाँगमध्ये त्याचा जंतू पाहिला होता. पिसवांवाटे तो पसरतो हे सिमॉंने १८९८ मध्ये दाखवलं. मधल्या काळात भायखळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात हाफकिन लस तयार करत बसले होते, आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. परळला त्यांच्या नावाची संस्था आजही उभी आहे. शहरात त्या वेळी वेदशास्त्रसंपन्न मंडळी काही कमी नव्हती, तळपदेही इथेच होते. सूक्ष्म जंतूंचे उल्लेख पोथ्यांतून निघायला लागले ते नंतर. निदान एक ओळ, "उंदीर पडायला लागले की पिसवा बघा" एवढी जरी कुणी १८९६ च्या सप्टेंबरात वाचून दाखवली असती, तरी मी आज काकांच्या पाया पडलो असतो.

आता लालबाग. काकू दरवर्षी राजाच्या नवसाच्या रांगेत उभ्या राहतात. रात्रभर, पायाला सूज, पर्समध्ये चकल्या. पेरू चाळीतला बाजार बंद पडल्यावर तिथल्या कोळ्यांनी आणि विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी नवस बोलला, जागा मिळाली, आणि १९३४ साली राजा बसला. मुंबईत जागा मिळाली! सूर्याचं अंतर बरोबर येण्यापेक्षा हा कितीतरी जबर पुरावा आहे, आणि रांगेतल्या एकाही माणसाला योजनाचे मैल ठाऊक नाहीत. काकूंना मी एकदा विचारलं की देव आहे कशावरून. त्या म्हणाल्या, "असं कुणी विचारतं का?" आणि आमटीला फोडणी द्यायला गेल्या. काकांना मात्र देवाच्या अर्जाला नासाचं शिफारसपत्र जोडल्याशिवाय चैन पडत नाही. चौपाटीवर ज्यांचा पुतळा आहे त्या टिळकांनीही वेदांतलं खगोल वाचलं होतं. १८९३ च्या 'ओरायन'मध्ये त्यांनी ते वापरलं, पण वेद किती जुने ते ठरवायला. वर नक्षत्रं बघणारी माणसं होती, असं त्यांनी दाखवलं. काकांना माणसं नको आहेत. त्यांना वरून आलेला फोन हवाय. मनातून त्यांचा सगळ्यात जास्त विश्वास कुणावर आहे, तर नासावर. देव त्यांनी नासाच्या जामिनावर सोडलेला आहे.

आता आमची इमारत पुनर्विकासाला चाललीय. परवा भाडेकरूंची सभा होती. बिल्डरचा तरुण मुलगा लॅपटॉप घेऊन आलेला, पडद्यावर बाविसावा मजला, समोर समुद्र, खाली स्विमिंग पूल. सगळे हरखून बघत होते. काका उठले. चश्मा पुसला. "हे चारशे पाच फूट कसले? कार्पेट की बिल्टअप? महारेराचा नंबर? ताब्याची तारीख?"

पोरगा गोड हसला. "काका, इमारत उभी राहिली की सगळं क्लिअर होईल. तुम्हाला दिसेलच."

"उभी राहिल्यावर दिसेल ते आंधळ्यालाही दिसेल," काका कडाडले. "आत्ता लिहून द्या. आकड्यात. फूट म्हणजे किती इंच तेसुद्धा लिहा."

मी मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवल्या. एकट्याने.

"आहे ना काका, सगळं लिहिलेलं आहे," पोरगा म्हणाला. "परिशिष्टात."

"कुणाच्या?" काकांनी विचारलं.